दाता क्रमांक ३२७६७

६ जून

चि. चिंगीस अनेक आशीर्वाद.

फोन न करता पत्र लिहितोय, यावरूनच ओळख की सांगण्यासारखं काहीतरी आहे. फोनवर तुझी काकू मध्ये मध्ये बोलते आणि शेवटी माझी बातमी तीच सांगून टाकते. शिवाय तू होस्टेलला गेलीस तेव्हापासून आपली रीतच आहे, मोठी गोष्ट कागदावर. तर ऐक. तुझ्या काकाचा सत्कार आहे. हसू नकोस.

काल रक्तपेढीतून पत्र आलं. तीच रक्तपेढी गं, जिची लिफ्ट मी वीस वर्षं सांभाळतोय आणि माझ्याच शब्दावर जिचा प्रोग्राम तू कॉलेज संपल्या संपल्या करून दिला होतास. त्यांच्या वर्धापनदिनाला सर्वाधिक वेळा रक्त देणारा दाता म्हणून माझं नाव निघालंय. एकेचाळीस वेळा! वाचून मीच चाट पडलो. मी काही मोजत बसलो नव्हतो. मला वाटत होतं, थोडं कमी असेल.

तिथल्या साहेबांना भीत भीत विचारलं, "यादी कोणी काढली?" म्हणाले, "मशीनने. तुमच्याच पुतणीच्या." मग मी काय बोलणार? तुझं मशीन चुकत नाही ना गं? सहज विचारतो.

काकू एकदाच म्हणाली, "एकेचाळीस वेळा जाऊन आलात आणि मला पत्ता नाही?" मी म्हटलं, "उजव्या हाताने दिलेलं डाव्याला कळू नये." ती माझा निळा कोट झटकायला लागली.

चौदा तारखेला कार्यक्रम आहे. तू येऊ शकणार नाहीस, माहीत आहे.

तुझा,
काका


११ जून

तीर्थरूप काकांस साष्टांग नमस्कार.

अहो काका! तुमचं पत्र मी ऑफिसात दोनदा मोठ्याने वाचून दाखवलं. दुसरीत मला इंजेक्शन द्यायला तुम्ही नेलं होतंत, आठवतं? सुई बघून तुम्हीच बाहेर जाऊन बसलात. कंपाउंडर मला सोडून तुम्हालाच वारा घालत होता. आणि त्या माणसाने एकेचाळीस वेळा हात पुढे केला! छुपे रुस्तम आहात तुम्ही.

आणि मशीन चुकतं का म्हणून काय विचारता? मशीन चुकत नाही काका, चुकतात ती माणसं. बारा वर्षांत तो प्रोग्राम एक दिवस बंद पडलेला नाही. तेव्हा त्यांच्याकडे कोणीतरी टाकून दिलेला जुना कॉम्प्युटर होता, डिस्क एवढीशी. मी एकेका रकान्याची जागा मोजूनमापून ठरवली होती. जो आकडा दोन बाइटात मावतो त्याला चार बाइट द्यायचे नाहीत. बाइट म्हणजे मशीनच्या वहीतलं एक घर समजा. माझ्याबरोबरचे बाकीचे सरसकट मोठा रकाना घ्यायचे, उधळे कुठले. नवीन मुलं शिकायला आली की मी अजून त्यांना रक्तपेढीचंच उदाहरण देते.

इथे मला विभागप्रमुख करायचं घाटतंय. झाले तर तुम्हालाच पहिलं कळवीन. मानपत्राचा फोटो नक्की पाठवा, टेबलावर लावायचा आहे.

तुमची,
चिंगी


२४ जून

चि. चिंगीस आशीर्वाद.

झाला एकदाचा सत्कार. सोबत मानपत्राचा आणि माझा, असे दोन फोटो आहेत. कोटाचं वरचं बटण लागत नव्हतं म्हणून हात छातीवर आहे, भावनेने नाही. मानपत्रावर माझा दाता क्रमांकसुद्धा घातलाय, ३२७६७, अक्षर बघ किती वळणदार.

अध्यक्षांनी मला हरभऱ्याच्या झाडावर चढवलं. "असे मूक दाते आहेत म्हणून समाज चालतो" वगैरे. लोक उभे राहून टाळ्या वाजवत होते. तिसऱ्या रांगेत काउंटरवरच्या सिस्टर बसल्या होत्या. त्यांनीही वाजवल्या, पण हळू, आणि बघत माझ्याकडेच होत्या. मी नजर खाली घातली. लोकांना वाटलं, विनय.

आता दुसरी गोष्ट, आणि ही चांगली नाही. शिवणकाम करणारी एक मुलगी मेमध्ये तिथे पहिल्यांदा रक्त देऊन गेली होती. सतरा जूनला तिच्या गटाचं रक्त हवं होतं. मशीनने 'कोणाला बोलवता येईल' ती यादी काढली, त्यात तिचं नाव. दोन वेळांत निदान तीन महिने जायला हवेत हे तिला बिचारीला काय माहीत. बोलावलं म्हणून आली, रक्त दिलं, आणि जिन्यात चक्कर येऊन पडली. उजवं मनगट मोडलं. शिवणाऱ्या माणसाचं उजवं मनगट!

सिस्टर म्हणतात, "मेमधली नोंद मी स्वतः केली होती." मशीन म्हणतं, या मुलीने आधी रक्त दिलेलंच नाही. समितीने सिस्टरांना चौकशी होईपर्यंत घरी बसवलंय. एकोणीस वर्षं झाली त्यांना त्या काउंटरवर. तू जरा मशीन उघडून बघतेस का?

तुझा,
काका


२ जुलै

तीर्थरूप काकांस सा. न.

पत्र आणि फोटो मिळाले. तब्येतीला जपा.

समितीचा मला वीस तारखेलाच फोन आला होता. मी त्यांना सांगितलं की नोंद केली असती तर ती दिसली असती, माणूस विसरतो, मशीन विसरत नाही. तेव्हा मला जे माहीत होतं तेच मी सांगितलं.

काल मी इथूनच त्या प्रोग्राममध्ये एक किरकोळ सुधारणा केली आहे. अशा सुधारणा अधूनमधून कराव्याच लागतात. आता काही काळजीचं कारण नाही. सिस्टरांचं काय ते समिती बघून घेईल, आपण मध्ये न पडलेलं बरं. तुमच्या दाता क्रमांकाबद्दल कोणी विचारलं तर काही बोलू नका. मानपत्र भिंतीवर लावलं नसेल तर सध्या राहू द्या.

काकूंना नमस्कार. कामाची फार गडबड आहे, म्हणून थोडक्यात आवरते.

चिंगी


९ जुलै

चिंगी,

तुझं पत्र तीनदा वाचलं. कामाच्या गडबडीतही तू मला चार पानं लिहितेस. हे पाऊण पान होतं, आणि त्यात एक विनोद नाही. चोराच्या मनात चांदणं असतं म्हणतात. मी ओळखलं, कारण गेला महिनाभर माझ्याही मनात तेच आहे.

आधी माझं सांगतो. मी जन्मात एकदा रक्त दिलंय. एकदा! वीस मेला. लिफ्टचं काम उरकून निघालो होतो, तर सिस्टर म्हणाल्या, "वीस वर्षं येताय, पण एकदाही बाटली भरली नाहीत." चारचौघांत बोलल्या, म्हणून लाजेकाजेस्तव बसलो. सुई टोचताना मी डोळे गच्च मिटले आणि त्यांचा हात धरून ठेवला. म्हणजे माझी एकच वेळ आहे हे जगात दोघांनाच ठाऊक होतं, मला आणि त्यांना. आणि त्याच सिस्टर तिसऱ्या रांगेत बसून माझ्यासाठी टाळ्या वाजवत होत्या.

पहिल्या दिवशीच सांगायला हवं होतं. तुझं मशीन खोटं पडेल म्हणून गप्प बसलो, असं मी स्वतःला सांगत होतो. सगळं झूट. मला आवडलं गं ते. तीस वर्षं लोक माझ्या लिफ्टमधून वरखाली करतात, माझं नाव कोणाला माहीत नाही. त्या दिवशी सगळा हॉल उभा राहिला.

तुला एक सांगतो. प्रत्येक लिफ्टला एक घंटा असते. माणसं जास्त झाली की ती वाजते आणि दार मिटत नाही. एका इमारतीत आमच्या जोडीदाराने तिची वायर काढून ठेवली होती. लोक कटकट करतात म्हणून! लिफ्ट छान चालायची, कोणाची तक्रार नाही. त्या माणसाला मी त्याच दिवशी कामावरून काढायला लावलं. दोन मुलींचा बाप होता तो, तरी.

तू 'किरकोळ सुधारणा' काय केलीस ते मला सरळ लिही. ताकाला जाऊन भांडं लपवू नकोस. मी उद्या मानपत्र घेऊन समितीकडे जातोय.

काका


१४ जुलै

तीर्थरूप काका,

घंटेची वायर मीच काढली होती.

सगळं सांगते. प्रोग्राममध्ये दोन वह्या आहेत. एक दात्यांची, एक रक्तदानाची. दात्यांच्या वहीत क्रमांकाचा रकाना चार बाइटांचा आहे, त्यात दोनशे कोटींच्या वरचे आकडे मावतात. रक्तदानाच्या वहीत ओळी जास्त होणार, म्हणून तिथे मी काटकसर केली. दाता क्रमांकाला दोनच बाइट. त्यात सगळ्यात मोठा आकडा मावतो तो बत्तीस हजार सातशे सदुसष्ट. त्यापुढे एकसुद्धा नाही. तेव्हा पेढीचे दाते होते नऊशे. मला वाटलं, इतके कधी होतात!

वीस मेला तुम्ही झालात ३२७६७. तुमच्यानंतर नोंदवलेला प्रत्येक नवा माणूस रक्त देऊन गेला, पण त्याचा आकडा त्या रकान्यात मावेना. अशा वेळी मशीनने खरं म्हणजे अडून बसायचं असतं, लाल अक्षरांत ओरडायचं असतं. पण पहिल्याच महिन्यात मी ती कडक तपासणी बंद करून ठेवली होती. कोणाचा पत्ता लांब झाला तरी लाल ओळ यायची आणि सिस्टर मला फोन करून विचारायच्या, "ताई, हे लाल आलंय ते काय आहे?" बंद करा म्हणून त्या कधीच म्हणाल्या नव्हत्या. मीच फोन घ्यायला कंटाळले. तपासणी बंद असली की मशीन मावेल तेवढा सगळ्यात मोठा आकडा लिहितं आणि गप्प बसतं. म्हणजे सगळे गेले तुमच्या नावावर. त्या शिवणाऱ्या मुलीची मेमधली नोंदसुद्धा. सिस्टरांनी ती केली होती काका. बरोबर केली होती.

यादी निघाली तेव्हा अकरा दिवसांत तुम्ही एकेचाळीस वेळा रक्त दिलं होतंत. म्हणजे चौदा लिटर. आज तुमच्या नावावर दोनशे चौऱ्याऐंशी आहेत. एवढं रक्त घोड्याच्या अंगातही नसतं.

तुमच्या मानपत्रावरचा तो आकडा बघितला आणि मी तडक प्रोग्राम उघडला. आमच्या धंद्यात तो आकडा झोपेतही ओळखू येतो. एक जुलैला मी रकाना चार बाइटांचा केला, आणि शेरा लिहिला, 'किरकोळ सुधारणा'. त्यामुळे यापुढचं नीट होईल. आधीचं आपोआप सुधारणार नाही, कारण मूळ आकडे मशीनने लिहिलेच नाहीत. ते फक्त कागदी फॉर्मांवर आहेत.

आणखी एक आहे आणि ते मला लिहवत नाहीये. प्रोग्राम लावला त्या दिवशी सिस्टर प्रत्येकाला तोंडी विचारत होत्या, "मागच्या वेळी कधी दिलं होतं?" मी हसले. म्हटलं, "आता विचारत बसू नका, मशीन सांगेल." माझ्या शब्दावर त्यांनी विचारणं सोडलं.

एवढं करून मी वाचवलं काय, ते काल मोजलं. बारा वर्षांच्या साठ हजार ओळी, ओळीमागे दोन बाइट. तुमच्या सत्काराच्या एका फोटोला याच्या वीसपट जागा लागते.

समितीला तीन वेळा पत्र लिहिलं आणि तीन वेळा फाडलं. विभागप्रमुखाचं या आठवड्यात ठरतंय. म्हटलं, तेवढं होऊन जाऊ दे, मग सांगू. एक बाई माझ्यापायी घरी बसली आहे आणि मी असा हिशोब करते आहे. मला माझीच किळस आली आहे काका. तुमच्यासमोर कुठल्या तोंडाने उभी राहू?

चिंगी


१८ जुलै

चि. चिंगी,

तुझं पत्र मिळालं. ते यायच्या आधीच मी समितीकडे जाऊन आलो. काय झालं ऐक.

मानपत्र आणि ती काचेची ढाल टेबलावर ठेवली आणि सांगितलं, "मी एकदाच रक्त दिलंय. हे परत घ्या, आणि सिस्टरांना कामावर घ्या, गोंधळ मशीनचा आहे." अध्यक्ष उठून आले, माझ्या पाठीवर हात ठेवला आणि बाकीच्यांना म्हणाले, "बघा, याला म्हणतात मोठेपण. दुसऱ्याची नोकरी वाचावी म्हणून माणूस स्वतःचा मान सोडायला निघालाय." आणि टाळ्या! परत टाळ्या, चिंगे! मला चहा पाजला आणि ढाल पिशवीत घालून दारापर्यंत सोडायला आले. म्हणाले, "मशीन बनवणाऱ्या बाईंनी स्वतः सांगितलंय की ते चुकत नाही."

जमीन दुभंगली असती तर बरं झालं असतं. मी खरं बोलायला गेलो आणि आणखी मोठा होऊन परत आलो.

तेव्हा आता माझ्या बोलण्याला किंमत नाही. तुझ्या आहे. तीस तारखेला सिस्टरांचा निकाल लावणार आहेत. विभागप्रमुख हो नाहीतर राणी हो, त्याआधी इथे ये. माझ्यासमोर कुठल्या तोंडाने उभी राहू म्हणतेस? आहे त्याच तोंडाने ये. माझंही काही फार उजळ नाही, दोघं मिळून जाऊ.

काका


८ ऑगस्ट

तीर्थरूप काकांस सा. न.

सुखरूप पोचले. समितीसमोर तुम्ही शेजारी बसला होतात म्हणून माझ्या तोंडातून शब्द फुटला. अध्यक्षांनी "म्हणजे चूक तुमची?" असं दोनदा विचारलं आणि दोन्ही वेळा मी "हो" म्हटलं, एवढंच मला आठवतंय.

त्यानंतरचे चार दिवस तुम्ही बघितले नाहीत, म्हणून लिहिते. तळमजल्यावरच्या फॉर्मांच्या खोलीत मी आणि सिस्टर. त्या फॉर्म उचलून नाव आणि क्रमांक वाचायच्या, मी तुमच्या नावावरची एक ओळ काढून ज्याची त्याच्या नावावर घालायची. दोनशे त्र्याऐंशी फॉर्म. पहिले तीन दिवस त्या आकड्यांशिवाय एक शब्द बोलल्या नाहीत. मी माफी मागितली तेव्हा म्हणाल्या, "पुढचा घ्या."

शिवणाऱ्या मुलीचा फॉर्म चौथ्या दिवशी निघाला. पंचवीस मे. खाली सिस्टरांची सही. त्यांनी तो बराच वेळ हातात धरून ठेवला. मग मला विचारलं, "ताई, ती लाल ओळ यायची, त्यात काय लिहिलेलं असायचं?"

मी सांगितलं, "दिलेला आकडा या रकान्यात मावत नाही."

त्या म्हणाल्या, "एवढंच? हे साध्या भाषेत लिहिलं असतंत तर मीच तुम्हाला कळवलं असतं."

मला रडू आलं. त्यांना नाही आलं. लाल ओळ आता परत चालू केली आहे, साध्या भाषेत. आणि त्या मुलीचं प्लास्टर निघालं का ते कळवा. तिच्या दारात आपण दोघं उभे होतो तेव्हा तिने डाव्या हाताने पाणी आणून दिलं, ते माझ्या डोळ्यांसमोरून जात नाही.

इथे सगळं सांगितलं. विभागप्रमुख दुसरीला केलं. वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू. शिकायला येणाऱ्या मुलांना अजूनही रक्तपेढीचंच उदाहरण देते, आता पूर्ण देते.

तुमची,
चिंगी


२७ ऑगस्ट

चि. चिंगीस अनेक आशीर्वाद.

प्लास्टर निघालं. बोटं अजून आखडतात, पण साध्या शिवणी मारते म्हणे. काकू तिच्याकडे माझा निळा कोट घेऊन गेली होती, बटण सरकवायला. तुझ्या काकूला मी सगळं सांगितलं. म्हणाली, "मला पहिल्या दिवशीच माहीत होतं. तुम्हाला काटा टोचला तरी घर डोक्यावर घेता." मग त्याच दिवशी का नाही बोललीस, तर म्हणे, "इतके खुश होतात." घे! म्हणजे गप्प बसणारे आपण तिघं.

सिस्टर काउंटरवर आल्या. माझे तीन महिने भरले म्हणून परवा मी गेलो. रांग बरीच होती. पुढच्या माणसाने मला ओळखलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला, "अहो, हे तर एकेचाळीसवाले! यांना पुढे जाऊ द्या." लोक बाजूला झाले. पळून जावंसं वाटलं. मी म्हटलं, "नको, मी रांगेतच ठीक आहे." तर म्हणाला, "बघा, किती साधा माणूस!"

माझा नंबर आला. सिस्टरांसमोर स्क्रीन चालू होता, पण त्या आधी माणसाकडे बघतात आणि प्रत्येकाला तोंडी विचारतात. मला ओळख दाखवली नाही. पेन उचललं आणि विचारलं, "मागच्या वेळी कधी दिलं होतं?"

मागे सगळी रांग कान टवकारून उभी होती.

मी म्हटलं, "वीस मेला. त्याआधी कधीच नाही. एकदाच."

त्या म्हणाल्या, "जरा मोठ्याने सांगा."

मी मोठ्याने सांगितलं. मागे कोणीतरी हसलं. त्यांनी स्क्रीनवर बघितलं. तिथेही एकच होतं. मग फॉर्मवर लिहिलं, 'ही दुसरी वेळ', आणि खुर्चीकडे बोट केलं.

माफ केलं असं त्या म्हणाल्या नाहीत आणि मीही विचारलं नाही. सुई टोचताना या वेळी मी डोळे मिटले नाहीत, असं तुला लिहिणार होतो. पण मिटले. हातही धरला, त्यांनी सोडवून घेतला नाही.

तुझा,
काका